समुद्राकडची सून

टँकरच्या पाइपाला बांधलेली लाल चिंधी... तिच्या टोकाशी थेंब धरत होता, फुगत होता, आणि गुरम्माचं सगळं लक्ष त्या थेंबावर — मागून कोपरं बरगडीत रुतत होती, कुणाची तरी घागर पाठीवर आदळली, तरीही. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे, असं ओरडत भोंग्याची रिक्षा गल्लीतून गेली. कुणी मान वळवली नाही.

शेजारी हर्षदा उभी होती. कोकणात, बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला गेलेल्या मन्मथनं, गुरम्माच्या लेकानं, तिकडून करून आणलेली बायको. गेल्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी तिच्या माहेरात शिरलं, भिजलेली भिंत झोपलेल्या बापावर कोसळली. ‘‘समुद्र दरसाल वर येतोय, आई. पाणी तापलं, मासळी खोल गेली, आणि समुद्र घरात आला,’’ ती सांगायची, आणि गुरम्मा भाकरी थापत मनात म्हणायची — एवढं पाणी! एवढं पाणी, आणि ही रडते! हिचे केस धरून हिला उंबऱ्याबाहेर फरफटत न्यावं... नाही, असं मला वाटलं नव्हतं. वाटलं होतं.

शेजारच्या धोंडाबाईनं हर्षदाची घागर रांगेतून लाथाडली. ‘‘रेशनात नाव हाय का हिचं? समुद्र सोडून आमचं पाणी प्यायला आलीस व्हय गं?’’

‘‘ते पिता येत नाही, मावशी,’’ हर्षदा हळू म्हणाली.

धोंडाबाईनं तिला ढकललं. त्याच क्षणी पाइप सुटला, पाण्याची धार खाली पडलेल्या हर्षदाच्या तोंडावर आदळली आणि ती किंचाळली — ‘‘बाबा!’’ बाया तिला तुडवत पुढं घुसल्या. गुरम्माही घुसली. घागर धारेखाली धरताना तिला कळलं, पायाखाली मऊ काहीतरी आहे. सुनेचा हात.

मग तिनं ती अर्धी भरलेली घागर उचलली आणि धोंडाबाईच्या तोंडावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज झाला. जिनं मन्मथला जन्मताच हातात घेतलं होतं, ती बाई रक्त थुंकत खाली बसली, आणि गुरम्मानं पुन्हा घागर उगारली.

‘‘आई, पुरे! मरेल ती!’’ हर्षदानं तिचा दंड धरला.

गुरम्मानं वळून पाहिलं. ओलं, भेदरलेलं तोंड — किती जवळ होतं ते, किती सोपं... घागर अजून वरच होती. आता घरी जायचं, हिला घेऊन, एकाच छपराखाली. आपल्या हातांची तिला आयुष्यात प्रथमच भीती वाटली. आणि त्या भीतीच्या तळाशी काहीतरी थरथरत होतं, गरम, अजून न भागलेलं.