बाराशे ग्रॅमची अस्वलं

त्या हिवाळ्यात आमच्या डायलिसिसच्या खोलीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या ठेवायचा हुकूम निघाला. साथीचे दिवस होते, हवा खेळती राहायला हवी हे मलाही पटत होतं. पण ती हवा खेळत नव्हती, सरळ अंगावर धावून येत होती.

सकाळच्या पाळीला आठ पेशंट. आठवड्यातून तीनदा यायचं, चार तास पडून राहायचं आणि मूत्रपिंडांनी सोडून दिलेलं काम मशीनकडून करून घ्यायचं. रक्त नळीतून बाहेर जातं, धुऊन परत येतं, आणि एवढा फेरफटका मारून आलेलं रक्त जरा गारच असतं. ही माणसं उन्हाळ्यातसुद्धा कुडकुडतात. त्यात त्या वर्षी घरून पांघरूण आणायला बंदी, दवाखान्याची जाड ब्लँकेटं साथीच्या वॉर्डात गेलेली, आणि नातेवाइकांना फाटकाच्या आत पाऊल टाकायची परवानगी नाही. मी त्या खोलीची इनचार्ज सिस्टर. अंगावर प्लॅस्टिकचा झगा, तोंडावर दोन मास्क, त्यावर काच. मी आतल्या आत उकडून निघत होते. त्यामुळे "थंडी वाजते" म्हणणाऱ्यांचा मला पहिला आठवडाभर थोडा रागच आला, हे कबूल करते.

बंदी पांघरुणाला होती, अंगावरच्या कपड्यांना नव्हती. ही पळवाट पेशंटांनी दोन दिवसांत शोधून काढली. दर खेपेला माणसं थोडी थोडी जाड होऊन यायला लागली. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, पण काचेवर वाफ धरली की मला समोरचा माणूस तसाही ढगासारखाच दिसायचा.

लक्षात आलं ते बाईंमुळे. बाई म्हणजे गणिताच्या निवृत्त शिक्षिका, तीन नंबरच्या खाटेवरच्या. दिवसाचं पाणी मापट्याने मोजून पिणाऱ्या. पण त्या दिवशी काट्यावर त्यांचं वजन नेहमीपेक्षा दीड किलो जास्त भरलं. आमच्याकडे प्रत्येकाचं एक सुकं वजन ठरलेलं असतं, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं. त्याच्या वर काटा जेवढा जाईल तेवढं पाणी, आणि तेवढंच मशीनने काढायचं.

"बाई, आज पाणी जास्त झालं वाटतं," मी म्हणाले.

"अजिबात नाही. तुमचा काटा चुकतोय."

काटा कसा चुकेल? मी आकडा मशीनला दिला. तिसऱ्या तासाला बाई पांढऱ्याफटक पडल्या, मान कलंडली, रक्तदाब धाडकन खाली. मी पाणी काढणं थांबवलं, पाय वर केले, सलाईन सोडलं. डॉक्टर धावत आले. दोन मिनिटं मी नुसता रक्तदाबच पुन्हा पुन्हा मोजत होते. मग बाईंचे ओठ हलायला लागले.

"सतरा एके सतरा... सतरा दुणे चौतीस... सतरा त्रिक एक्कावन्न..."

"आल्या शुद्धीवर!" डॉक्टर म्हणाले.

"सतरा चोक सदुसष्ट..."

"नाही आल्या," मी ओरडले. "डॉक्टर, बाई पाढा चुकल्या!"

बाईंनी एक डोळा उघडला. "अडुसष्ट," त्या म्हणाल्या. "सिस्टर, ओरडू नका. वर्गात शांतता हवी."

त्या वाचल्या, पण मी त्या दिवशी घरी जाऊन धड जेवले नाही. अंगात नसलेलं पाणी मी काढलं होतं. मग काट्यावरचं ते दीड किलो आलं कुठून?

उत्तर दोन दिवसांनी काट्यावर येऊन उभं राहिलं. शिंपीकाका, पाच नंबरची खाट. साथीत दुकान बंद, त्यामुळे घरी बसून बायकोला सळो की पळो करून सोडलेले. काटा थांबला तेव्हा मी दोनदा काच पुसली.

"काका, चार किलो सहाशे जास्त! विहीर प्यायलात की काय?"

"सिस्टर, बायकोची शप्पथ, घोटभरच पाणी प्यायलोय."

बायकोची शप्पथ घेतलीय म्हटल्यावर बायकोलाच विचारावं, म्हणून मी काकूंना फोन लावला. त्या फाटकाबाहेर गाडीत बसलेल्या असत. मी "चार किलो" एवढंच म्हणाले आणि फोनमधून आवाज आला तो सगळ्या खोलीने ऐकला.

"तरी मी म्हणत होते! काल फुलदाणी कोरडी होती! सिस्टर, त्यांना द्या जरा फोन. अहो, फुलदाणीतलं पाणी प्यायलात तुम्ही?"

"अगं, ती फुलं प्लॅस्टिकची आहेत," काका म्हणाले. "त्यात पाणी नसतंच!"

"मग कोरडी आहे हे तुम्हाला कसं कळलं? म्हणजे बघायला गेला होतात!"

काकांनी फोन घाईने माझ्या हातात परत दिला. ते खाटेवर बसायला वळले आणि त्यांच्या पोटातून गुडगुड आवाज आला. साधा नव्हे, चांगला हंडा हिंदकळल्यासारखा.

"काका, कोट काढा," मी म्हणाले.

कोटाखाली स्वेटर. स्वेटरखाली दुसरा स्वेटर. त्याखाली काकूंचा लोकरी गाऊन, गळ्याशी फुलाफुलांचा. आणि गाऊनखाली, पोटाला पट्ट्याने आवळून बांधलेली गरम पाण्याची रबरी पिशवी.

"यात दीड लिटर पाणी आहे," मी म्हणाले.

"मग? माझ्या पोटावर आहे ते. पोटात थोडंच आहे?"

पलीकडच्या खाटेवर पैलवान इतका हसला की त्याच्या मशीनचा अलार्म वाजला. पैलवान म्हणजे बेचाळीस किलोचा माणूस. टोपणनाव ठेवणाऱ्याने बहुतेक चष्मा लावला नव्हता. मला मात्र हसू येईना. मी बाईंकडे वळले.

"बाई, परवा तुम्ही काय काय घातलं होतं?"

बाई पहिल्यांदाच माझी नजर चुकवत होत्या. "भावाचा ओव्हरकोट," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, तुम्ही वजा केला असेल. वजाबाकी दुसरीतच शिकवतात."

म्हणजे मी बाईंच्या अंगातून ओव्हरकोट काढला होता.

मग मी फर्मान काढलं: घरी कपड्यांचं वजन करा आणि मला कळवा. तो आठवडा मी विसरणार नाही. काकूंनी वाणसामानाच्या काट्यावर गाऊन तोलला आणि उत्तर आलं, "भरला तर अडीचशे, पण बाही खाली लोंबत होती." पैलवानाच्या मुलीने बाबांना कपड्यांसकट उभं केलं, मग कपड्यांशिवाय उभं केलं, आणि फोन करून रडायलाच लागली. कपड्यांशिवाय बाबा तीन किलोने जास्त भरत होते. मागून कुत्र्याने काट्यावर पाय ठेवला होता हे तिला संध्याकाळी समजलं. शिवाय कोणी एका खेपेला घातलेलं पुढच्या खेपेला घालेना. बाई तेवढ्या ग्रॅमपर्यंत हिशेब आणत, पण उत्तराच्या शेवटी "पद्धत दाखवली आहे" असंही लिहीत.

कपडे काढायला लावावेत तर खिडक्या. मी कपाळाला हात लावून बसले होते तेव्हा शिंपीकाका खाटेवरून म्हणाले, "सिस्टर, एवढा घोळ कशाला? सगळ्यांना एकाच वजनाचे कोट शिवतो. बारा-बाराशे ग्रॅम. डोळे मिटून वजा करा."

"सुया टोचायला हात उघडा लागतो, काका."

"ते मला सांगताय? दोन वर्षं टोचून घेतोय. बाहीला कोपरापासून वरपर्यंत चेन लावतो. ज्याचा डावा हात त्याला डावीकडे, ज्याचा उजवा त्याला उजवीकडे."

"कापड कुठून आणणार? दुकानं बंद."

काकांनी घसा साफ केला. "कापड आहे. एका शाळेच्या नाटकाची ऑर्डर होती. साथीमुळे नाटक रद्द झालं, शाळेने सांगितलं, ठेवा तुमच्याकडेच. ऊबदार आहे. फक्त जरा... केसाळ आहे."

"केसाळ म्हणजे?"

"अस्वलाचं," काका म्हणाले.

मापं फोनवरून घेतली. कोट दवाखान्याच्या धुलाईत वाफेने धुऊन आमच्याच कपाटात राहतील, या अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिली. ती देताना त्यांनी फक्त "कोट" हा शब्द ऐकला होता. केसाळ भाग मी सांगितला नाही.

काकूंनी फाटकाशी गाठोडं आणून दिलं तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. नाटकाच्या टोप्या आधीच शिवून झालेल्या होत्या आणि काकांनी त्या कोटांना जोडून टाकल्या होत्या. टोप्यांना कान होते. गोल, उभे, आतून गुलाबी.

"कान उसवू का?" काकांनी फोनवर विचारलं.

मी आठही पेशंटांना विचारलं. आठही जण म्हणाले, राहू द्या. बाईंनी कारणसुद्धा दिलं: "वजन बदलेल."

वजनाचा प्रश्न नाजूक होता. पैलवानाचा कोट त्याच्या मापाने शिवला तर एक हजार चाळीस ग्रॅमच भरत होता. काकांनी उरलेले एकशे साठ ग्रॅम शेपटीत भरले होते.

"अस्वलाला एवढी मोठी शेपटी नसते!" पैलवान रडवेला झाला.

"अस्वलाला डायलिसिसही नसतं," काका म्हणाले. "घाल मुकाट्याने."

पुढच्या डायलिसिसच्या सकाळी डॉक्टर राउंडला आले. दारात थांबले. आठ मशीन गुणगुणत होती आणि आठ खाटांवर आठ अस्वलं पडून होती. एक वर्तमानपत्र वाचत होतं, एक घोरत होतं, आणि शेपटीवालं शेपटी उशाला घेऊन बसलं होतं. डॉक्टरांनी तोंडावरची काच पुसून परत पाहिलं. मग म्हणाले, "सिस्टर, माझ्या झोपेचं काहीतरी करायला हवं."

"कोट आहेत, डॉक्टर. बाराशे ग्रॅम."

"बरं," ते म्हणाले आणि पहिल्या अस्वलाची नाडी बघायला वळले.

त्यानंतर महिनाभर कोणाचा रक्तदाब कोसळला नाही. काट्यावर उभं राहायचं, बाराशे वजा करायचे, संपलं.

जानेवारीत बाईंना ताप आला. तपासणी झाली आणि साथीच्या वॉर्डात हलवावं लागलं. आमच्या लोकांना ती साथ म्हणजे किती मोठा धोका, हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी कोणी विनोद केला नाही. बाईंनी जाताना एकच मागणी केली: कोट सोबत हवा. वॉर्डची सिस्टर नाही म्हणाली. बाईंनी तिला विचारलं, "तू कुठल्या शाळेत होतीस?" आणि कोट सोबत गेला.

मी एक मशीन तिकडे नेऊन दिवसाआड त्यांचं डायलिसिस करायला लागले. दुसऱ्या खेपेला मी सुया लावत होते तेव्हा शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ हलले. दोन दिवस तापाने फणफणलेले होते, नुकते डोळे उघडत होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं: पांढरा झगा, काच, नाक नाही, तोंड नाही. मग माझ्यापलीकडे पाहिलं.

"अहो," ते कसंबसं ओरडले, "मला जनावरांच्या दवाखान्यात का आणलंय?"

वॉर्डची सिस्टर धावत आली. गृहस्थ बोटाने दाखवत होते. अस्वल त्यांच्याकडे वळलं, चष्मा सारखा केला आणि खोकत म्हणालं, "घाबरू नका. मी निवृत्त आहे."

त्या गृहस्थांनी चष्मा पाहिला, कान पाहिले. मग हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले, आणि खोकता खोकता त्यांनी दोन दिवसांनी पहिल्यांदा खायला मागितलं. पुढे आठवडाभर बाई त्यांच्याकडून रोज सकाळी पाढे म्हणून घेत. एका दमात किती म्हणता येतात यावरून फुप्फुसं कशी आहेत ते कळतं, असं बाईंचं म्हणणं. डॉक्टरांनी त्याला दुजोरा दिला नाही, पण तेही आकडा विचारून जात.

त्यानंतर मात्र बाईंचे चार-पाच दिवस फार वाईट गेले. ऑक्सिजन लावला होता, बोलणं बंद. मी सुया लावताना त्या माझा झगा मुठीत धरून ठेवत. मी पाढे म्हणायचा प्रयत्न केला. मला तेराच्या पुढचे येत नाहीत. मी मुद्दाम नाही, खरंच चुकत होते, आणि प्रत्येक चुकीला त्यांची मूठ घट्ट व्हायची. एवढ्यावर मी ते दिवस काढले.

तेविसाव्या दिवशी बाई आमच्या खोलीत परत आल्या. व्हीलचेअर नाकारून, भिंतीला हात लावत. सात अस्वलं उठून बसली. मी बाईंना काट्यावर उभं केलं, बाराशे वजा केले, आणि आकडा सुक्या वजनाच्याही खाली आला.

"छान! आज काढायला पाणीच नाही?" पैलवान म्हणाला.

तसं नव्हतं. पावलांवर सूज दिसत होती. पाणी होतंच, अंगातलं मांस गेलं होतं. आजारपणात माणूस खरोखर वाळतो, आणि जुना आकडा धरून बसलं तर तेवढं पाणी अंगात राहून फुप्फुसात शिरतं. डॉक्टर आले, छाती तपासली, पाय दाबून पाहिले, आणि आम्ही बाईंचं सुकं वजन नव्याने ठरवलं. साडेतीन किलोने कमी.

बाईंनी कागद मागून घेतला आणि तो आकडा दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उतरला होता. "एवढी गेले मी?" त्या म्हणाल्या.

मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला. मग शिंपीकाका आपल्या खाटेवरून, सुया लावलेला हात जागचा न हलवता म्हणाले, "बाई, कोट ढगळ झालाय तुमचा. खांद्यात घ्यावा लागेल. उतरवून ठेवा जाताना."

"घेतलात तर वजन कमी होईल," बाई म्हणाल्या.

"होऊ दे की. खिसे लावून भरून काढतो."

बाईंनी थोडा विचार केला. "दोन," त्या म्हणाल्या. "आणि समान."

मी मशीन सुरू केलं. बाईंनी टोपी कानांसकट पुढे ओढून घेतली, आणि पंधरा मिनिटांत त्या अशा काही घोरायला लागल्या की पैलवानाने शेपटी कानांवर दाबून धरली.