घासता घासता वाचलेली टेंगळे

मित्रांनो, मी एक फार जुनी कवटी आहे. खरे सांगायचे तर कवटीचा नुसता घुमट. ज्या डायनोसॉरच्या डोक्यावर मी होते, त्याला पॅकिसेफॅलोसॉरस म्हणतात. नाव घेताना जीभ अडखळते, पण प्राणी साधा होता. कोवळा पाला दिसला की स्वारी खूश! डोक्याचे हाड मात्र वीतभर जाड आणि मागच्या काठाला टेंगळांची रांग.

तो गेला, मी गाळात पुरली गेले आणि माझा दगड झाला. खोदणाऱ्यांनी मला संग्रहालयात आणले. तिथल्या साहेबांनी मला फिरवून पाहिले आणि चिठ्ठी लिहिली, 'गुडघ्याची वाटी'. अक्कल गुडघ्यात असते असे लोक चेष्टेने म्हणतात, माझे तर अख्खे डोकेच तिथे गेले! तीस वर्षे मी तळच्या खणात धूळ खात पडले.

मग दालनात एक मोठा सांगाडा उभा राहू लागला. त्याला डाव्या गुडघ्याची वाटी नव्हती. साहेबांना माझी आठवण झाली. दगड साफ करणाऱ्या मावशींना ते म्हणाले, "मागे चिकटलेले खडे घासून टाका, म्हणजे चपखल बसेल."

मावशींनी यंत्र लावले. माझ्या जिवाचे पाणी पाणी झाले. एक टेंगूळ अर्धे झिजले आणि यंत्र थांबले. आत हाडाची बारीक जाळी दिसत होती. मावशी मला घेऊन तडक साहेबांकडे गेल्या.

"साहेब, हे खडे नाहीत. हाडच आहे. आणि बघा, दोन्ही बाजूंना सारखीच टेंगळं. गुडघ्याला अशी कुठं असतात?"

"अहो, परवा उद्घाटन आहे! गुडघ्याचं काय करू?"

"गुडघा मी प्लास्टरचा करून देते. हे एकदा घासलं की गेलं."

साहेबांनी भिंग घेतले. एकेक टेंगूळ त्यांनी निरखून पाहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने जुनी चिठ्ठी खोडली, 'कवटी' असे लिहिले आणि म्हणाले, "चूक माझीच. बरं झालं थांबलात."

मित्रांनो, या दोघांचे उपकार मी कसे फेडू? आज मी काचेच्या पेटीत, तुमच्या डोळ्यांसमोर आहे. एवढेच मागते, एखादी वस्तू आपल्या जागी बसत नाही म्हणून तिला घासू नका. आधी ती काय आहे ते नीट पाहा.

पेटी बंद करण्यापूर्वी मावशींनी त्या अर्ध्या टेंगळावर बोट ठेवले आणि हळूच विचारले, "दुखलं का गं?"

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलेच नव्हते.