शेडमध्ये तक्रार नाही

साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशिनींची शेड होती. तिथले सुपरवायझर लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन आलेले. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण निघालं की पहिले तेच पोचायचे. पण चूक सांगायची ती फौजेच्या पद्धतीनं, सकाळी कामगारांना रांगेत उभं करायच्या फॉलिनला, सगळ्यांसमोर.

एकदा तिथल्या अजहर नावाच्या कामगारानं चालू मशीन बंद केलं. वर काहीतरी टक् वाजतंय म्हणाला. फिटर जयराजनं बघितलं, काही सापडलं नाही. माल मात्र उशिरा गेला. दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी अजहरला रांगेतून पुढं घेतलं.

"आपल्या अजहरला मशिनीतली भुतं ऐकू येत्यात. आता फिटर नको, मांत्रिकच बोलवू."

सगळी शेड हसली. अजहरही हसला, खाली बघत.

जयराज गावच्या कीर्तनात टाळ धरायचा. चहाला तो हळूच म्हणाला, "आवं साहेब, टाळकरी चुकला तर आमचे बुवा भर कीर्तनात न्हाई बोलत. आरती झाल्यावर त्याला एकट्याला जवळ बसवून सांगत्यात."

"मी बुवा न्हाई, जयराज."

"ते दिसतंयच की."

त्यानंतर मशीन कुणी थांबवलं नाही. माल वेळेवर जाऊ लागला. लालासाहेब खूश होते. पण ते शेडमध्ये शिरले की कुणी मान वर करत नव्हतं.

एका दुपारी अजहरच्या मागून जाताना त्यांना ऐकू आलं. टक्. अजहरचा हात मनगटापर्यंत आत होता. पत्रा दाबणारं वरचं धूड आपसूक जरासं घसरलं आणि थांबलं. लालासाहेबांनी त्याला मागं ओढलं, मशीन बंद केलं.

"कवापासनं वाजतंय हे?"

"लय दिवस झालं."

"बोलला का न्हाईस रं?"

"परत हसत्याल म्हणून." आवाजात राग नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

जयराजनं झाकण उघडलं. ते धूड वर धरून ठेवणाऱ्या ब्रेकचा बोल्ट निम्म्याहून जास्त चिरला होता.

"चुकलं माझं, अजहर."

"ऱ्हाऊ द्या, साहेब." तो हात पुसत राहिला.

लालासाहेब पलीकडच्या मशिनीवरच्या गुंडा नावाच्या कामगाराकडं गेले. खांद्यावर हात ठेवला तसा तो दचकला.

"तुझं मशीन कसं हाय रं? खरं सांग. कोण हसणार न्हाई."

"बेस हाय, साहेब," गुंडा म्हणाला आणि त्यानं हात पुन्हा आत घातला.

लालासाहेब कान देऊन उभे राहिले. एवढ्या धडधडाटात त्यांना काहीच वेगळं ओळखता येईना.