झोक्याची कुरकुर

मित्रांनो, मी एक जुना झोका आहे. नगरपालिकेच्या बागेत मी होतो. आता नगरपालिकेच्याच गोदामात भिंतीला टेकून पडलो आहे. अंगावरचा निळा रंग मात्र अजून नवाकोरा आहे, आणि त्या रंगापायीच माझ्यावर ही वेळ आली.

लोहाराने मला घडवले तेव्हा दोन साखळ्या, एक फळी आणि वरच्या दोन कड्या, एवढाच माझा संसार होता. बाग उघडली की मुले माझ्यापाशी झुंबड उडवायची. "आता माझा नंबर" म्हणून हातघाईवर यायची. खरे सांगायचे तर तेव्हा मी हवेतच असायचो! माळी न चुकता शिडी लावून कड्यांना ग्रीस लावायचा. पुढे तो निवृत्त झाला. त्याच्या जागी कुणी आलेच नाही, आणि मी कुरकुरू लागलो.

बाग झाडणाऱ्या बाईंची मुलगी शाळा सुटली की तिथेच यायची. भारी किरकिरी पोर. ऊन लागतंय, भूक लागलीय, वेणी घट्ट झालीय! आई झाडू थांबवून हसायची.

"तू आणि हा झोका सख्खी भावंडं गं. दिवसभर नुसती कुरकुर!"

मला बहीण मिळाली, याचा मला केवढा आनंद झाला.

नंतर माझी एक कडी झिजून पार पातळ झाली. बाईंनी मुकादमाला सांगितले. तो "बघू" म्हणाला. त्याचे बघणे काही होईना, तेव्हा त्यांनी माझ्या साखळीला लाल चिंधी बांधली आणि मुलांना दटावले, "ही चिंधी आहे तोवर कुणी बसायचं नाही." मुलांनी ऐकले. मी रिकामा लोंबकळत राहिलो, पण मनातून बाईंना दुवा देत होतो.

एकदा बागेच्या पाहणीला साहेब येणार असे ठरले. लगेच रंगारी आला. त्याने गंजावरच रंग चढवला आणि कड्यांत ग्रीस थापले. इतक्या वर्षांनी मी गप्प झालो.

"बाई, ती चिंधी काढा. साहेबांना दिसली तर माझी खैर नाही," मुकादम म्हणाला.

"कडी बदलली का हो?"

"अहो, झोका नवाच केलाय की! कुरकुरतोय का, बघा."

बाईंनी मला हलवून पाहिले. मी कुरकुरलो नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने गाठ सोडली.

चिंधी गेलेली पाहताच त्यांचीच मुलगी सगळ्यांच्या आधी धावत आली. "आई, जोरात ढकल ना!" मला जीव तोडून ओरडायचे होते. पण घशात ग्रीस होते. मी उंच गेलो आणि कडी तुटली.

मुलगी वाचली. तिचा पाय मात्र पूर्वीसारखा झाला नाही. बागेला कुलूप लागले, मला इथे आणून टाकले, आणि बाईंना गोदाम झाडायचे काम मिळाले. मुलगी सोबत येते आणि खोक्यावर बसून राहते. तिला आता ऊन लागत नाही, भूक लागत नाही, वेणीही घट्ट होत नाही. परवा आई झाडू टाकून तिच्यापुढे बसली.

"कुरकुर कर गं बाई थोडी. दुखत असेल तर दुखतंय म्हण."

"नाही दुखत," ती म्हणाली.

मित्रांनो, झोका कुरकुरला तर वर कडीकडे बघा. माणूस कुरकुरले तरी असेच बघा. आवाज थांबला म्हणजे दुरुस्ती झाली, असे कृपा करून समजू नका. आम्ही दोघे भावंडे इथे अगदी गप्प आहोत.