निळ्या कोटातलं भूत

मृत्यूवर माणसाने मिळवलेला पहिला निर्णायक विजय ऑक्टोबरच्या अखेरीस, ओहायोतल्या एका गॅरेजमध्ये नोंदवला गेला. विजय क्षणभर टिकला. मग फ्यूज उडाला आणि विजेता अंधारात बॅटरी शोधताना स्वतःच्याच हत्यारांच्या पेटीला अडखळला.

विजेत्याचं नाव व्हर्जिल हाउब्रिक. जन्मभर रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केलेल्या माणसाला भूत बनवणं काही जड नव्हतं. भंगारातल्या ट्रकची वायपरची मोटर, प्लास्टिकच्या पाइपांचा सांगाडा आणि समोर उबदार देहाचं कुणी हललं की जागा होणारा सेन्सर. पायरीवर पोर आलं की पडवीतल्या झुलत्या खुर्चीतून भूत उठणार, पायऱ्यांकडे मान वळवणार आणि परत बसणार. हात बनवायचा कंटाळा आला, म्हणून त्याने भुताला एक कोट चढवून बाह्यांत कागद कोंबले होते आणि बाह्यांची टोकं खिशांत शिवून टाकली होती.

कोट अर्डिथचा होता. निळा.

"बायकोचा कोट भुताला घातलास, व्हर्जिल?" शेजारची डोरीन कुंपणावरून म्हणाली.

"कपाटात नुसता लटकून होता. इथे जरा उठबस होईल."

"आणि ही शिलाई? अर्डिथने पाहिली असती तर उसवून तुझ्या हातात दिली असती."

"म्हणूनच ती नसताना शिवली."

खरी गोष्ट डोरीनला ठाऊक होती. अर्डिथ गेल्यानंतरच्या पहिल्या हॅलोवीनला, म्हणजे गेल्या वर्षी, सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागणाऱ्या पोरांपैकी एकही व्हर्जिलच्या दारात फिरकलं नव्हतं. मुलगी ॲरिझोनाहून फोन करून विचारायची, "बाबा, त्या रिकाम्या घरात कुणासाठी राहतोयस?" शेवटी बापलेकीत ठरलं. यंदा एक जरी पोर आलं तर तो इथेच राहणार. नाही आलं तर घर विकून ॲरिझोनाला, जिथे म्हणे अंगणात गवताऐवजी खडी असते आणि लोक तिलाही पाणी घालतात.

हॅलोवीनची संध्याकाळ झाली. चॉकलेटांनी भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन व्हर्जिल आत पडद्याआड बसला. पडवीतला दिवा त्याने बंदच ठेवला, कारण उजेडात भुताच्या वायरी दिसत होत्या. रस्त्यावर चेटकिणी, सांगाडे आणि एक चालता फ्रीज अशी गर्दी होती. डोरीनच्या दाराशी रांग लागली होती. व्हर्जिलच्या फाटकाशी पोरं थबकत, वर बघत आणि पुढे जात.

मग मोटर घरघरली. भूत उठलं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं.

"पाचोळा असेल," तो स्वतःशीच म्हणाला. पण पाचोळ्याला ऊब नसते, हे त्याला चांगलंच माहीत होतं.

भूत बसलं आणि पुन्हा उठलं. या वेळी मान पायऱ्यांकडे गेली नाही, खिडकीकडे वळली. तिकडे ती वळण्याची सोयच नव्हती. आड खिळा ठोकलेला होता. मोटरचा आवाज थांबला. भूत उभंच राहिलं.

व्हर्जिल बाहेर आला. वायर प्लगातून सुटून खाली पडली होती. कोटाला वर्षभर नुसता डांबरगोळ्यांचा वास होता. आता ओल्या मातीचा येत होता, आणि अर्डिथ हाताला लावायची त्या मलमाचा.

"कुणी आलं नाही गं," तो खाली बघत म्हणाला. बायकोशी बोलताना खाली बघायची सवय जुनीच होती. "सोमवारपासून आवराआवर करतो. भांडी डोरीनला देईन म्हणतो. तुझं तिच्याशी पटायचं नाही, पण ते भांड्यांना कुठं माहितीय."

त्याने वर पाहिलं. उजवी बाही खिशाबाहेर होती. दोरा ओढून तोडलेला नव्हता. टाका न् टाका उसवून तो कोटाच्या बटणाभोवती नीट गुंडाळून ठेवला होता. दोऱ्याची एवढी काटकसर करणारी बाई त्याने आयुष्यात एकच पाहिली होती. बाही वर उचललेली होती, आणि पंजा नसलेलं तिचं टोक दाराशेजारच्या भिंतीकडे रोखलेलं होतं.

तिथे पडवीच्या दिव्याचं बटण होतं.

ज्या पडवीत दिवा नाही, त्या दारात हॅलोवीनला जायचं नाही, हे गावातली पोरं बोलायला लागायच्या आधी शिकतात. व्हर्जिलही शिकला होता. पण लग्नापासून दरवर्षी दिवा लावायची ती अर्डिथ. त्यामुळे गावभरचे लाल-हिरवे दिवे सांभाळलेल्या या माणसाच्या स्वतःच्या दारचा सिग्नल दोन वर्षं बंद होता, आणि त्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

त्याने बटण दाबलं.

उजेड पडला तेव्हा भूत खुर्चीत बसलेलं होतं, मोकळी बाही मांडीवर टाकून. खुर्ची हळूहळू झुलत होती. फाटक करकरलं आणि मधमाशी झालेली एक मुलगी पायऱ्या चढून वर आली.

"त्या आजी मघापासून हात करून बोलवत होत्या," ती म्हणाली. "पण आई म्हणाली, दिवा लागल्याशिवाय जायचं नाही."

व्हर्जिलने आतून अख्खं पातेलं आणून तिच्यापुढे धरलं. मधमाशीने त्यात बराच वेळ हात घालून उलथापालथ केली.

"शेंगदाणे नसलेलं एखादं आहे का?" तिने विचारलं.