तिसऱ्या सर्व्हरमागचं वाळवण

आमच्या इस्पितळात प्रत्येक एक्स-रे तीन सर्व्हरांवर साठतो. एक बिघडला तरी दोन ठिकाणी प्रत राहावी, म्हणून. तिघांनीही ‘मिळालं’ म्हटल्याशिवाय पुढचा एक्स-रे घेताच येत नाही. एखादा सर्व्हर बंदच पडला, तर बाकीचे दोघे त्याला वगळून काम चालू ठेवतात. पण तो नुसता रखडला, तर दोघेही ताटकळत बसतात. हल्ली रोज सकाळी तिसरा रखडायचा आणि त्याचं खापर फुटायचं माझ्या मोठ्या नणंदेच्या डोक्यावर.

ताई एक्स-रे काढतात. बाकावर मोडलेले हात सांभाळत माणसं कण्हत असायची, पडद्यावर गोल चक्र फिरत असायचं आणि शिव्या मात्र ताईंना. आमच्या विभागाच्या साहेबांनी तर लेखीच देऊन टाकलं होतं की यंत्रं ठणठणीत आहेत, बाईच संथ आहेत. आज बैठक होती ती ताईंना कामावरून काढायची.

सर्व्हर सांभाळणं माझं काम. तिसरा सर्व्हर बघू द्या, असं मी कितीदा विनवलं असेल! त्या खोलीची किल्ली साहेबांच्या कोटात. सुरक्षिततेसाठी म्हणे. आधी स्वतः आत जाऊन ‘पाहणी’ करणार आणि मग दुपारी जेवण झाल्यावर मला सोडणार. तोवर सर्व्हर सुतासारखा सरळ झालेला. केबल बदलल्या, डिस्क तपासल्या, हाती काही लागेना.

“नणंदेसाठी केवढी धडपड!” साहेब हसायचे. त्या हसण्याची मला शिसारी यायची.

आज जागेवर बसल्याबसल्या तिसऱ्याचं तापमान पाहिलं आणि चक्रावलेच. सर्व्हर भयंकर तापला होता. जास्त तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच मंद होतो. पण एसीच्या खोलीत इतका ताप आला कुठून? साहेब बैठकीला गेलेले, कोट खुर्चीवर. शिपाईमामांनी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

“मी काही पाहिलं नाही, मॅडम,” ते म्हणाले आणि माझ्या मागोमाग आत आले.

दार उघडताच कुबट वासाचा भपकारा आला. जिथून गरम हवा बाहेर पडते, त्या मागच्या जाळीवर दोरी बांधली होती. दोरीवर जाड टॉवेल, बनियन आणि करड्या मोज्यांची जोडी. सगळं ओलं. टॉवेल तर जाळीला चिकटूनच बसला होता. साहेब रोज ओल्या गवतावरून पळून येतात आणि वर आम्हाला तब्येतीवर प्रवचन देतात, ते हे! बाहेर माणसं वेदनेनं कळवळतायत आणि इथे ह्यांचे मोजे वाळतायत!

“आणि आम्ही मागच्या जिन्यात फडकं वाळत घातलं, तर केवढे ओरडले,” मामा पुटपुटले.

दोन बोटांनी ते सगळं एका ट्रेमध्ये टाकलं. सर्व्हर निवेपर्यंत थांबले आणि थेट बैठकीत गेले. ताई मान खाली घालून बसल्या होत्या. इस्पितळाच्या प्रमुख असलेल्या मोठ्या डॉक्टरबाईंच्या हातात पेन होतं आणि पुढ्यात ताईंना काढायचा कागद. मी ट्रे टेबलावर ठेवला.

“हे तिसऱ्या सर्व्हरच्या जाळीवर वाळत होतं. आता बघा.”

भिंतीवरच्या पडद्यावर मी सकाळपासून अडकलेला एक्स-रे उघडला. चक्र फिरलंच नाही. मोडलेलं मनगट झटक्यात समोर आलं.

“शी! कुणाची ही घाण?” साहेब नाक दाबत म्हणाले. “त्या शिपायाचीच असणार. आजच हाकला त्याला.”

एवढा वेळ मला किळस त्या मोज्यांची येत होती. आता माणसाची आली.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जराशी मागे सरकवून टेबलाखाली पाहिलं. आम्हीही पाहिलं. चकाकणारे काळे बूट आणि त्यांच्यावर साहेबांचे उघडे, पांढुरके घोटे.

“साहेब, तुमचे मोजे कुठे आहेत?”

साहेबांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. डॉक्टरबाईंनी ताईंचा कागद फाडला आणि त्याच ट्रेमध्ये टाकला.

ताई उठल्या. डोळे भरले होते, पण चाल रोजचीच.

“बाकावर माणसं खोळंबलीत,” त्या म्हणाल्या. मीही त्यांच्यामागे निघाले, तशा दारातच थबकल्या. “तू आधी साबणानं हात धू. मग माझ्या यंत्राला हात लाव.”