डावं वळण

नत्थूजींनी नव्या पिकअपच्या पायरीवर पाय ठेवला, काढला, चप्पल झटकली आणि पुन्हा ठेवला. गाडीत बसायचं की गच्चीवर चढायचं, असा त्यांचा चेहरा झाला होता.

"बसा ना बाबा! नुसती चालवून तं पाहाची आहे," मागच्या सीटवरून नंदिनी म्हणाली.

इतवारीतलं भांड्यांचं दुकान आता लेकच सांभाळायची. मौद्यापर्यंत माल न्यायला तिला हीच गाडी हवी होती. जुन्या ॲम्बेसेडरला गिऱ्हाईकही तिनं शोधून ठेवलं होतं. बाबांचा होकार तेवढा आज हवा होता.

"आपल्या गाडीनं इतवारीत बैलाले धक्का मारला, तं बैलानं माफी मांगतली होती," नत्थूजी स्टिअरिंग चाचपत म्हणाले. "हिले पाहून बैल काय म्हणन?"

"मागच्या खेपेले म्हैस होती," शेजारी बसलेल्या तुळसाबाई पट्टा अडकवत म्हणाल्या.

गाडी मौद्याच्या दिशेनं निघाली. खोट काढावी तर कुठं? खड्डे ती पोटात घालत होती, गारवा तर असा की नागपूरचा उन्हाळा लाजावा. तरी होकार ओठावर येईना, आणि का येईना ते नत्थूजींचं त्यांनाच उमगेना.

मग एक डावं वळण आलं. नत्थूजींनी सवयीनं खांदा सावरून धरला. कोणी आलंच नाही.

ॲम्बेसेडरची पुढची सीट म्हणजे सलग सोफा, वर गुळगुळीत रेक्झिन. डाव्या वळणावर तुळसाबाई घसरत थेट त्यांच्या खांद्याशी यायच्या. "सीटच मोठी घसरते बापा," म्हणत परत खिडकीशी सरकायच्या. त्या घसरणीपायी नत्थूजींनी उभी हयात डावी वळणं शोधली. मनीषनगरचं घर उजवीकडून जवळ, पण ते डावीकडून गरगर फिरून गाठायचे. कोणी विचारलंच तर उजवीकडे वाघ बसतो म्हणून सांगायचे. आणि इथं? दोन सुट्या खुर्च्या, मधे गिअर, वरून पट्टा. हे लेकीला सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

"मग? काय ठरलं?"

"सीट..."

"सीटचं काय?"

"चांगली आहे," नत्थूजी पडेल आवाजात म्हणाले. "घसरतच नाही."

तुळसाबाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. पुढं रस्ता सुतासारखा सरळ होता. लांबवर वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या.

एकाएकी गाडी टिंग टिंग करू लागली.

"आता हे काहून बोंबलून राहिली?" नत्थूजी दचकले.

"आई, पट्टा काहून काढला वं?"

तुळसाबाई गिअरवरून उजवीकडे कलल्या होत्या. त्यांचा खांदा नत्थूजींच्या खांद्याला टेकला होता.

नत्थूजींनी स्टिअरिंगकडे पाहिलं. सरळ. रस्त्याकडे पाहिलं. तोही सरळ. पुन्हा स्टिअरिंगकडे पाहिलं.

"मोठी चुगलखोर आहे बापा," तुळसाबाई पुटपुटल्या. "आपली जुनी कधी बोलली नाही."

नत्थूजींनी घसा खाकरला.

"घेऊन टाक, नंदिनी."

आणि त्यांनी डाव्या बाजूचा दिवा लावला. पुढं वळण कुठंच नव्हतं.